टेक्नोचे सिनेमे बघायचे तर डीजेकडे पाठ करून

तू विचारलंस की बर्लिन कॉलिंग बघितला, जाम आवडला, पण ग्रुपमधल्या एकाने तोंडावर सांगितलं की यात टेक्नो कल्चरबिल्चर काही नाही, एका डीजेची रडकथा आहे नुसती, तर मग खरं काय ते दाखवणारे सिनेमे कोणते. टेक्नो म्हणजे मशीनवर बनवलेलं, एका ठोक्यावर तासनतास चालणारं नाचायचं संगीत, आणि तुझा मित्र अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याचं पुढे सांगतो. उत्तर लांबणार आहे, कारण या विषयावर मी दोन तास बडबडू शकतो आणि घरात ऐकणारं कोणी नाही.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगून टाकतो. मी मूळचा साउंडवाला. मामाचा कराडला मांडव आणि साउंडचा धंदा, आठवीपासून बेसचे बॉक्स उचलतोय, नंतर काही वर्षं सीझनला गोव्यात सिस्टिम लावायला जायचो, तिथे पहाटे अँपशेजारी बसून बसून टेक्नोची चटक लागली आणि मग स्वतः वाजवायला लागलो. आता पुण्यात एक गोदाम आहे, सामान तिथेच असतं, आणि महिन्यातून एकदा पडदा टांगून आम्ही सिनेमा लावतो, दहा-पंधरा टाळकी येतात. तर मी जे काही सांगतोय ते समीक्षक म्हणून नाही, केबल गुंडाळणारा माणूस म्हणून.

आता एक गंमत बघ. आमच्याकडे गणपतीत 'यंदा मंडळाला डीजे आहे का' असं विचारतात तेव्हा कोणाच्याही डोक्यात माणूस नसतो, ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत असते. ती भिंत म्हणजे डीजे. जो माणूस वाजवतो तो ऑपरेटर, त्याला कोणी विचारत पण नाही, मागे जनरेटरजवळ वडापाव खात असतो बिचारा. पुण्यामुंबईच्या क्लबवाल्यांना हे गावठी वाटतं पण मला वाटतं टेक्नोच्या बाबतीत कराडचा शब्दच जास्त बरोबर आहे. टेक्नो त्या माणसाचं नाहीये, भिंतीचं आणि भिंतीसमोरच्या लोकांचं आहे. आणि म्हणून माझी सिनेमाची टेस्ट एकच, कॅमेरा डीजेकडे बघत राहतो का डीजेकडे पाठ करून समोरच्या अंधारात बघतो. डीजेकडे बघत राहिला की तीच ठरलेली स्टोरी येते, हुशार पोरगा, प्रसिद्धी, ड्रग्ज, आपटला, उठला. त्या जागी क्रिकेटर टाक, तमाशातला शाहीर टाक, काय फरक पडतो?

अवघड का आहे हे पण समजून घे. टेक्नो मिनिटाला साधारण १२५ ते १४० ठोक्यांच्या स्पीडला चालतं, १३० धरलं तर बत्तीस बार (एका बारमध्ये चार ठोके) म्हणजे जवळजवळ एक मिनिट, आणि दोन ट्रॅक नीट एकमेकांत मुरवायचे तर तेवढा वेळ सहज जातो. सिनेमावाला पूर्ण क्लबचा सीन दोन मिनिटांत उरकतो. म्हणजे जी गोष्ट तीन-चार तासांत हळूहळू अंगात चढते ती त्याला दोन मिक्सच्या वेळात दाखवायची आहे, मग तो काय करतो, हात वर केलेली पोरं, लेझर, एक ड्रॉप, म्हणजे ठोका थांबून एकदम दणक्यात परत येतो तो, संपलं. त्यात डायलॉगची भानगड. खऱ्या क्लबमध्ये शेजारच्याला पाणी मागायचं तरी कानात ओरडावं लागतं, आणि पडद्यावर हिरो-हिरॉईन आरामात गप्पा मारतात. शूटिंगला गाणं चालू ठेवलं तर डायलॉग रेकॉर्ड होत नाही, म्हणून थंप ट्रॅक वापरतात, म्हणजे गाणं बंद करून फक्त एकदम खालच्या फ्रिक्वेन्सीचा धप धप ठोका सबमधून, म्हणजे फक्त बेसच्या स्पीकरमधून सोडायचा, नाचणाऱ्यांना तो पायातून कळतो आणि नंतर एडिटिंगला तो फिल्टर करून उडवता येतो. तो पण नसेल तर पन्नास माणसं चिडीचूप शांततेत नाचतात, प्रत्येक जण वेगळ्या तालात. पुढच्या वेळी कुठलाही क्लब सीन बघताना मागच्या पोरांचे पाय बघ, लगेच पकडशील.

आणि तिसरी भानगड म्हणजे या कल्चरलाच कॅमेरा नको असतो. बर्लिनला बेर्गहाइन क्लबमध्ये दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. आत काय होतं ते आतच. अशा गोष्टीचा सिनेमा काढायचा म्हणजे एकतर खोटं उभं करा नाहीतर बाहेर आलेल्या लोकांशी बोला. फायर्न नावाची २००६ ची माया क्लासेनची जर्मन डॉक्युमेंटरी आहे, तिने दुसरा मार्ग घेतला, माणसं निवांत बसून बोलतात, रात्र कशी वाढत वाढत सोमवार होते, घरी जायचं का विसरतं. मला वाटलेलं बोअर होईल, उलट शेवटी शेवटी असं वाटतं की रविवार संपत आलाय आणि उद्या ऑफिस आहे.

बरं, बर्लिन कॉलिंग. २००८, दिग्दर्शक हानेस श्टोर, आणि पॉल काल्कब्रेनर स्वतः हिरो. माणूस खरा प्रोड्युसर, संगीत त्याचंच, भाऊ फ्रिट्झ बरोबरचं स्काय अँड सँड तर जर्मनीच्या चार्टमध्ये वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलं होतं. गोष्ट तुला माहितीये, इकारुस नावाचा डीजे, चुकीची गोळी, मेंटल क्लिनिक, अल्बम अडकलेला. तुझा मित्र बरोबर आहे की स्टोरी डीजेची आहे. पण त्यात एक गोष्ट कोणी धड दाखवत नाही ती दाखवलीये, काम. हेडफोन लावून एकच लूप पन्नासदा ऐकणं, किक, म्हणजे तो खालचा जाड ठोका, थोडी मागे, थोडी पुढे, परत ऐकणं. क्लिनिकमध्ये बसून तो जे करतो ते बघताना मला आमच्या गोदामातल्या रात्री आठवतात, तीन तास बसून हाय-हॅटचा आवाज अर्ध्या डीबीने कमी करायचा आणि सकाळी परत होता तिथे न्यायचा. पार्टीचे सीन ठीकठाक. तर तुला आवडला यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त तो टेक्नोवाल्याचा सिनेमा आहे, टेक्नोचा नाही.

टेक्नोचा सिनेमा म्हटलं की माझ्या तोंडी पहिलं नाव सिरात. ओलिव्हर लाशेचा, २०२५ चा, कान फेस्टिव्हलला ज्युरी प्राइज मिळालेला, आणि संगीत कांगडिंग रे या टेक्नो प्रोड्युसरचं. एक बाप आणि त्याचा छोटा मुलगा मोरोक्कोच्या वाळवंटात रेव्हमध्ये, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या टेक्नोच्या पार्टीत, हरवलेल्या मुलीला शोधतायत, नाचणाऱ्यांच्या हातात फोटो देत फिरतायत. स्टोरी यापुढे सांगणार नाही, कोणी सांगायला आला तर कान बंद कर. पण सुरुवात सांगतो. पहिल्यांदा पडद्यावर काय येतं, तर हात. माणसं बॉक्स उचलून एकावर एक रचतायत, दमलेले हात, धूळ, मागे डोंगराचा कडा, आणि ती भिंत उभी राहते. मग पहिला आवाज निघतो आणि कड्यावर आपटतो. अरे, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आमच्या लोकांना पडद्यावर आणलं! नाचणारी माणसं पण नटूनथटून आलेली ज्युनिअर आर्टिस्ट नाहीत, खरी रेव्हवाली आहेत, चाळिशी-पन्नाशीची, उन्हाने रापलेली, एकाला पाय नाही, एकाला हात नाही, आणि त्याबद्दल सिनेमात कोणी रडत बसत नाही. डीजे कुठे आहे? शोधून बघ. लोकांची तोंडं भिंतीकडे आहेत.

आम्ही गोदामात सिरात लावला तेव्हा हौसेने नेहमीचे छोटे स्पीकर बंद करून दोन डबल अठरा जोडले, म्हणजे अठरा इंची दोन-दोन स्पीकरवाले बेसचे बॉक्स. सिनेमा सुरू होऊन काही मिनिटं झाली असतील, शटर थडथडायला लागलं, कप्प्यातले स्पॅनर सरकत सरकत कडेला आले आणि एक खाली पडला, आणि मागच्या चाळीतल्या काकू दारात, म्हणाल्या भूकंप झाला का. त्यांना आत बसवलं. बसल्या की, पंधरा-वीस मिनिटं, पडद्याकडे बघत. जाताना एवढंच म्हणाल्या, त्या बापाला आधी कोणीतरी जेवायला घाला.

त्यानंतर ग्रूव्ह, २००० सालचा, ग्रेग हॅरिसनचा, कमी बजेटचा, सॅन फ्रान्सिस्को. एका रात्रीची गोष्ट. बंद गोदाम हुडकायचं, ईमेलवर निरोप जातो, माणसं जमतात, पोलीस येतात, आणि शेवटी जॉन डिगवीड हा नावाजलेला इंग्रज डीजे येऊन वाजवतो, खरा डिगवीड. ॲक्टिंग अधूनमधून शाळेच्या गॅदरिंगसारखी आहे हे मान्य. पण यातला अर्नी नावाचा पोरगा, जो सगळं जमवून आणतो, त्याला कोणीतरी विचारतं की पैसे मिळत नाहीत, वर पोलिसांची कटकट, मग कशाला करतोस? तर तो म्हणतो, एका मान डोलावण्यासाठी. म्हणजे प्रत्येक पार्टीत कोणीतरी एक अनोळखी माणूस जवळ येतो, मान हलवतो आणि थँक्स म्हणतो, मला याची गरज होती म्हणतो, बास. हे वाचायला गुळगुळीत वाटतंय मला माहितीये, पण ज्याने एकदा जरी फुकटात पार्टी लावलीये त्याला विचार. मला आजपर्यंत असे मान डोलावणारे मोजून सात-आठ भेटले असतील, त्यातला एक तर आमच्या जनरेटरला डिझेल आणून देणारा पोऱ्या होता.

बीट्स (२०१९, ब्रायन वेल्श) हा माझा सर्वात लाडका. स्कॉटलंड, १९९४, दोन पोरं, जॉनो आणि स्पॅनर. जॉनोच्या आईचा होणारा नवरा पोलिसात, घर बदलून चांगल्या वस्तीत जायचंय, आणि स्पॅनर म्हणजे वाया गेलेला, त्याची संगत सोड असं घरच्यांचं म्हणणं. दोघांना पायरेट, म्हणजे विनापरवाना, रेडिओवरून एका रेव्हचा पत्ता लागतो. पूर्ण सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, फक्त रेव्हमध्ये डोकं फिरतं तेव्हा रंग येतो. मैत्रीचा सिनेमा आहे खरंतर, आणि नाटकावरून घेतलाय, किरन हर्लीचं.

पण १९९४ च का ते माहीत पाहिजे, नाहीतर अर्धी मजा जाते. त्याआधी १९९२ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर हजारो लोक आठवडाभर फुकट नाचले, पेपरवाल्यांनी आग लावली, स्पायरल ट्राइब नावाच्या साउंड सिस्टिमवाल्यांवर खटला भरला, ते सुटले, पण सरकारने क्रिमिनल जस्टिस ॲक्ट आणला. त्यात म्हटलं की रात्री उघड्यावर शंभर किंवा जास्त माणसं जमून मोठ्याने संगीत लावत असतील तर पोलीस उठवू शकतात, आणि संगीतात काय काय येतं हे सांगताना मुद्दाम लिहिलं की एकामागून एक तेच तेच ठोके असलेला आवाज पण धरायचा. म्हणजे तालावर कायदा! ओटेकर या बँडने त्याच वर्षी अँटी ईपी नावाचा छोटा रेकॉर्ड काढला, त्यातला फ्लटर ट्रॅक असा प्रोग्रॅम केला की कुठल्याही दोन बारमधले ठोके सारखे नाहीत, म्हणजे कायद्यात बसत नाही, आणि वरच्या स्टिकरवर सल्ला दिला की वाजवताना सोबत एक वकील आणि एक संगीततज्ज्ञ ठेवा. आपल्याकडे २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, ते सगळ्यांनाच, भजन असो की ढोल, तरी नियम ठोक्याकडे बघत नाही, घड्याळाकडे आणि मीटरकडे बघतो. मी पोलीस चौकीत बसून हे सगळं एकदा समजावलंय, हवालदार म्हणाला वकील घेऊन ये, संगीततज्ज्ञ नको.

बीट्समध्ये रेव्हचा सीन लांब आहे, मुद्दाम लांब, आणि त्यात एक वेळ अशी येते की तुला कंटाळा येईल असं वाटतं आणि मग तो कंटाळा ओलांडून पलीकडे जातो. टेक्नो ऐकताना होतं तसंच. पहिल्या दहा मिनिटांत तेच तेच वाटतं, वीस मिनिटांनी त्याच तेच तेच मध्ये छोटे बदल ऐकू यायला लागतात. जो डायरेक्टर त्या कंटाळ्याला घाबरतो त्याच्याकडून होत नाही हे काम.

आता जरा उलटा मुद्दा. माझ्या मते सर्वात टेक्नो सिनेमात क्लबच नाही. रन लोला रन, १९९८, टॉम टिकवर. बॉयफ्रेंडने ट्रेनमध्ये एक लाख मार्कची पिशवी विसरलीये, लोलाकडे वीस मिनिटं आहेत, ती पळते. फसतं. परत सुरुवातीपासून पळते. परत. तीन वेळा तोच रस्ता, तोच जिना, तीच माणसं, फक्त एक सेकंद इकडेतिकडे झाला की सगळं बदलतं. हा लूप आहे रे! चार बारचा लूप, प्रत्येक फेरीत एक नॉब किंचित फिरवलेला. संगीत टिकवरने स्वतः दोघांबरोबर बसून केलंय आणि एडिटिंग त्या ठोक्यावर धावतं. आमच्याकडे ज्यांना टेक्नो म्हणजे डोकेदुखी वाटते त्यांना मी हाच दाखवतो, टेक्नो हा शब्द न उच्चारता. ऐंशी मिनिटांत संपतो, आणि बाहेर पडताना सगळे पायाने ताल धरत असतात.

डेट्रॉइटबद्दल लोकांचा सर्वात जास्त गोंधळ. टेक्नो म्हटलं की बर्लिन, काळे कपडे, गोरी माणसं. अरे, सुरुवात अमेरिकेत डेट्रॉइटला, काळ्या पोरांनी केली, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन, डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलच्या शाळेतले, इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाच्या रेडिओवाल्याचे प्रोग्रॅम ऐकत वाढलेले. ॲटकिन्सच्या सायबोट्रॉन बँडचा पहिला रेकॉर्ड १९८१ चा. बर्लिनची भिंत पडली १९८९ ला, मग १९९१ ला तिथे एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत ट्रेझॉर क्लब निघाला, गंजलेल्या लॉकरसकट, आणि त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा पहिला रेकॉर्ड डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्सवाल्या पोरांचा. २०२४ मध्ये बर्लिनचं टेक्नो जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं, छान झालं, पण डेट्रॉइटचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगणारा सिनेमा मी अर्ध्यात बंद करतो.

यासाठी युनिव्हर्सल टेक्नो ही डॉक्युमेंटरी बघ, दोमिनिक दलूझची, १९९६ ची. यातला एक सीन मी किती वेळा बघितलाय देव जाणे. डेरिक मे कॅमेरा घेऊन जातो मिशिगन थिएटरमध्ये. १९२६ चं थिएटर, वर नक्षीकाम केलेलं छत, फाटके पडदे अजून लटकतायत, आणि आत काय, तर गाड्या पार्क केल्यात. पूर्ण थिएटर आतून पोखरून तीन मजली पार्किंग केलंय. आणि यातलं अजून एक, ज्या जागेवर हे थिएटर बांधलं तिथेच आधी हेन्री फोर्डची ती छोटी शेड होती जिथे त्याने पहिली गाडी बनवली. म्हणजे गाडी जन्मली, शहर झालं, थिएटर झालं, कारखाने गेले आणि गाडी परत येऊन त्याच जागी पार्क झाली. डेरिक मे तिथे उभा राहून चिडतो, की या शहराला आपल्याकडे काय होतं याची कदरच नाही. मागे एकही ठोका वाजत नाही, पण ती वरून सुंदर आणि आतून रिकामी इमारत बघितली ना की त्याच्या स्ट्रिंग्स ऑफ लाइफ या ट्रॅकमधले ते तुटक तुटक कॉर्ड वेगळेच ऐकू येतात. नवीन हवी असेल तर गॉड सेड गिव्ह एम ड्रम मशीन्स आहे, २०२२ ची, क्रिस्टियन हिलची, तिचा रोख श्रेय आणि पैसा कोणाला मिळाला यावर आहे. बघताना राग येतो, यायलाच पाहिजे.

रेव्हिंग इराण (२०१६) ला मी वेगळं ठेवतो. तेहरानचे दोन डीजे, अनूश आणि आराश, जिथे ही पार्टी म्हणजे सरळ तुरुंग. डॉक्युमेंटरी आहे, बराचसा भाग लपवून शूट केलाय, अल्बमला परवानगी मागायला सरकारी ऑफिसात जातात ते पण. सिस्टिम बसमध्ये घालून वाळवंटात नेतात. आम्ही दहा वाजता बंद करायला लागलं म्हणून रडतो, हे बघितल्यावर महिनाभर तरी तोंड बंद राहतं. यात डीजेच हिरो आहेत तरी माझ्या टेस्टमध्ये पास, कारण त्यांना प्रसिद्धी नकोय, त्यांना फक्त वाजवायचंय आणि पकडलं जायचं नाहीये.

बाकीचे पटापट. ह्यूमन ट्रॅफिक, १९९९, कार्डिफ, शुक्रवार ते रविवार, भंगार नोकऱ्या करणारी पाच पोरं, विनोदी आहे आणि रविवारचं ते उतरलेलं तोंड एकदम खरं. इट्स ऑल गॉन पीट टाँग, २००४, इबिझाचा डीजे बहिरा होतो, खोटी डॉक्युमेंटरी आहे, फ्रँकी वाइल्ड नावाचा माणूस कधी नव्हता, लोक अजून गुगल करतात. पहिला अर्धा भाग आचरट, पण तो स्पीकरला पाय लावून आवाज शिकतो तिथून बघण्यासारखा, कारण बेस कानाने ऐकू येतो तसा अंगालाही जाणवतो हे आम्हा साउंडवाल्यांना कोणी सांगायला नको. क्लायमॅक्स, गास्पार नोए, २०१८, पहिला अर्धा तास नाच अफाट, पुढचं रात्री एकट्याने बघू नकोस. व्हिक्टोरिया, २०१५, १३८ मिनिटं, एकच शॉट, कुठेही कट नाही, बर्लिनच्या क्लबमधून सुरू होऊन उजाडेपर्यंत, पहाटे साडेचारनंतरचं ते शहर मी इतकं बरोबर कुठे बघितलं नाही. ब्लेड १९९८ मधला सुरुवातीचा रक्ताच्या शॉवरचा क्लब, हो हो माहितीये, सगळे तोच सांगतात, मजा आहे.

ईडन मात्र पटापट सांगून चालणार नाही. २०१४, मिया हान्सन-लव्ह, पॅरिस, तिच्या भावाच्या आयुष्यावरून, तो स्वतः डीजे होता आणि लिहायला पण तोच बरोबर. संगीत गॅरेज आणि हाउस आहे, टेक्नोची जवळची नातलग, कट्टर टेक्नोवाले नाक मुरडतील, मुरडू दे. दोन पोरं सारखी क्लबच्या दारातून परत पाठवली जातात, कारण बाउन्सरला कळत नाही हे डाफ्ट पंक आहेत, जगभर गाजलेली फ्रेंच जोडी, हा जोक सिनेमाभर चालतो. आणि हिरो पॉल, वीस वर्षं वाजवतो, चांगला वाजवतो, आणि हळूहळू कर्जात जातो. कोणी व्हिलन नाही, मोठा अपघात नाही, फक्त पाहुण्या गायकांचं विमानाचं तिकीट, जागेचं भाडं, आईकडून उसने, परत उसने. मी हा बघितला त्या आठवड्यात गोव्यातल्या एका क्लबवाल्याने आमचे तीन रात्रींचे पैसे बुडवलेले, टेम्पोचं भाडं मी घरातून दिलेलं. बायको शेजारी बसून बघत होती. सिनेमा संपल्यावर काही बोलली नाही, फक्त डायरी आणून समोर ठेवली, कोणाकडून किती यायचेत ती.

आता गोवा, कारण हा प्रश्न येणारच. गोव्याचं संगीत म्हणजे गोवा ट्रान्स, ते टेक्नोचं चुलतभावंड आहे, सख्खं नाही. हणजुणच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या पार्ट्यांतून ते आलं, उन्हाने रेकॉर्ड वाकडे होतात म्हणून कॅसेट आणि डॅटवर, म्हणजे डिजिटल टेपवर, वाजवायचे, तिथला जुना डीजे गोवा गिल तर २०२३ मध्ये जाईपर्यंत डॅटवरच होता. लास्ट हिप्पी स्टँडिंग नावाची छोटी डॉक्युमेंटरी आहे, जुनं सुपर-८ फुटेज आहे त्यात, बघ, पण बघताना एक जाणवतं, की नाचणारे सगळे बाहेरचे आणि चटया टाकून चहा, ऑम्लेट विकणाऱ्या गावातल्या बायका कडेला. त्या बायकांनी रात्रभर काय ऐकलं असेल, त्यांना त्यात काय वाटलं असेल, यावर कोणीतरी कोकणी-मराठीत सिनेमा काढायला पाहिजे. हिंदीत आपल्याकडे गो गोवा गॉन आहे, २०१३, रेव्हमध्ये झॉम्बी. हसायला ठीक.

आणि मुंबईचा तर एक सिनेमा तयारच पडलाय, कोणी काढत नाही. चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे सेशन म्युझिशियन. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड या जपानी कंपनीचं ३०३ हे बेसचं मशीन आणि ८०८ हे ड्रमचं मशीन घेऊन दहा राग डिस्को बीटवर वाजवले, रेकॉर्ड निघाला, चालला नाही, विसरले सगळे. ३०३ चा तोच चिरकणारा आवाज शिकागोच्या पोरांनी १९८७ ला ॲसिड ट्रॅक्स या रेकॉर्डमध्ये आणला तेव्हा जग वेडं झालं. २०१० ला चरणजितचा रेकॉर्ड परत निघाला आणि सगळ्यांचे डोळे पांढरे झाले, म्हातारपणी त्यांना परदेशात बोलावून वाजवायला लावलं. २०१५ ला गेले. विचार कर, घरातली एक खोली, ८२ सालचा तो माणूस, समोर जपानी डबी, आणि त्यातून भैरव काढतोय. यात ड्रॉप नाही, लेझर नाही, हात वर करणारी पोरं नाहीत. मी प्रोड्युसर असतो तर पूर्ण सिनेमा त्या खोलीतच ठेवला असता.

तुझ्यापुरतं सांगायचं तर आधी लोला बघ, मग युनिव्हर्सल टेक्नो, मग बीट्स, सिरात सर्वात शेवटी. फोनवर बघू नकोस रे बाबा. फोनच्या स्पीकरमधून साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही आणि किकचं वजन राहतं पन्नास-साठच्या आसपास, म्हणजे तू अख्खा सिनेमा बघशील आणि ज्याच्यासाठी बघतोयस तेच ऐकू येणार नाही. बरा हेडफोन घे, कानावरून पूर्ण बसणारा. नाहीतर पुढच्या महिन्यात गोदामात ये, बीट्स परत लावतोय. गाद्या आहेत, चहा आहे, इअरप्लग मात्र आपापले आणायचे. आणि काकूंच्या खुर्चीवर बसू नकोस, पुढून दुसरी, पंख्याखालची.